मदत हवी आहे: एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडत नाहीये, फॉरमॅट करा म्हणतेय (तातडीचं)

कोराकागद | सोमवार, रात्री ११:४०
नमस्कार. दोन दिवसांपासून माझी डिस्क उघडत नाहीये. लावली की बराच वेळ नुसतं गोल फिरत राहतं आणि मग फॉरमॅट करायचं का विचारतं. माझं सगळं त्यात आहे आणि शुक्रवारी प्रबंध द्यायचाय. डेटा परत आणायला चांगलं सॉफ्टवेअर कुठलं? फुकट असेल तर उत्तम. शोधाशोध करून झालीये, कृपया नेमकं नाव सांगा.

सुतारपक्षी | रात्री ११:५२
फॉरमॅट केलं नाहीत ना? करू नका. विंडोज की मॅक? डिस्क किती जुनी, किती टीबीची? पडली होती का? आवाज येतो का? आणि 'सगळं' म्हणजे नक्की काय काय?

रातकिडा | रात्री ११:५५
टेस्टडिस्क आणि फोटोरेक. दोन्ही फुकट. पेनड्राइव्हवरचे अख्ख्या सहलीचे फोटो मी फोटोरेकने परत आणले होते. फाइलींची नावं जातात, पण फाइली येतात.

कोराकागद | मंगळवार, ००:०५
विंडोज. १ टीबी. पडली नाही. आवाज येतो. फोटोरेक उतरवून घेतेय, धन्यवाद.

सुतारपक्षी | ००:०८
थांबा! आवाज येतो म्हणजे कसला? ठराविक अंतराने टक, टक, टक असा येत असेल आणि डिस्क दिसतच नसेल, तर बहुधा हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग) गेलंय. मग घरी काहीही करायचं नाही. डिस्क काढायची आणि धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेत द्यायची. नुसती घरघर येत असेल आणि मधेच अडकत असेल तर गोष्ट वेगळी. कुठला आवाज ते सांगेपर्यंत डिस्क पुन्हा लावू नका.

जुनाखोड | ००:३१
हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. २००३ साली माझी डिस्क त्यानंतर अर्धा तास चालली, तेवढ्यात हवं ते काढून घेतलं. नाही जमलं तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळवून खालचं सर्किट बोर्ड बदला. चार स्क्रू असतात, फार काही नाही.

सुतारपक्षी | ००:४४
काका, तुमची चालली याचा आनंद आहे, पण हे दोन्ही उपाय कृपया इथे सुचवू नका. फ्रीजरमधून काढल्यावर आत दव धरतं, आणि हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरच तरंगत असतं. एक थेंबही पुरे. बोर्डाचं म्हणाल तर आताच्या डिस्कांत त्या त्या डिस्कची जुळवणी बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असते. ती चिप हलवल्याशिवाय नुसतं बोर्ड बदलून काम होत नाही. आणि एक्स्टर्नल डिस्कांच्या बऱ्याच बोर्डांवर यूएसबी सॉकेटच थेट जोडलेलं असतं.

जुनाखोड | ००:५८
मी स्वतः केलंय म्हणून सांगितलं. वाचलेलं नाही.

कोराकागद | सकाळी ७:१०
टकटक नाही. घरघर. एक फोल्डर उघडताना एकदाच टक झालं होतं, तेव्हा फोल्डर उघडत तरी होते. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) रात्रभर चालवलं होतं, १० टक्क्यांवर अडकलं म्हणून बंद केलं. त्यानंतर फॉरमॅटचं विचारायला लागलं.

अर्धविराम | सकाळी ७:४०
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. चेकडिस्कला दुरुस्तीची मुभा दिली की ते त्याच डिस्कवर लिहितं. जे वाचता आलं त्यावर विश्वास ठेवून फाइलींची यादी नीट करतं, जे वाचता आलं नाही त्याच्या नोंदी काढूनही टाकू शकतं. धडधाकट डिस्कवर उपयोगी आहे. मरणाऱ्या डिस्कवर आधी प्रत, मग दुरुस्ती, आणि तीही प्रतीवरच.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) फक्त एकदा उघडा. ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींतले शेवटचे आकडे इथे लिहा, आणि लगेच डिस्क काढा.

कोराकागद | सकाळी ८:२५
पिवळा 'कॉशन'. ०५ ला ०. सी५ ला १३८. सी६ ला २. सी७ ला ०. १३८ म्हणजे खूप आहे का? शुक्रवार जवळ येतोय हो.

रातकिडा | सकाळी ८:३०
१ टीबीत १३८ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) म्हणजे काहीच नाही. फोटोरेक लावा बिनधास्त.

अर्धविराम | सकाळी ८:४६
तो आकडा षोडशमान (१० ऐवजी १६ च्या पायाच्या) पद्धतीत असतो. १३८ म्हणजे ३१२. हे 'प्रलंबित' सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले. पण आकड्यापेक्षा तो वाढतोय का हे महत्त्वाचं. सी७ शून्य आहे, म्हणजे केबलवर संशय घ्यायचं कारण दिसत नाही.

फोटोरेक वाईट नाही, पण त्याला डिस्कची प्रत वाचायला द्या, डिस्क नको. एकेका बिघडलेल्या जागेवर डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, आणि त्यातच उरलेलं आयुष्य जातं.

पाऊलखुण | सकाळी ९:१५
दोन डिस्कांचं रेड १ (सगळं एकाच वेळी दोन्ही डिस्कांवर लिहिणारी जोडणी) केलं असतंत तर ही वेळ आली नसती. माझं सहा वर्षं चालू आहे. एक गेली तर दुसरी असते.

सुतारपक्षी | सकाळी ९:२२
रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल पुसलीत की दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणी मागणारा व्हायरस आला तर दोन्हीकडे एकदमच कुलूप.

पाऊलखुण | सकाळी ९:३५
मग क्लाऊड. फोल्डर आपोआप वर जातं, लक्षातही ठेवावं लागत नाही.

सुतारपक्षी | सकाळी ९:४१
सिंकचंही तेच. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. सेवेत जुन्या आवृत्त्या राहतात का, किती दिवस राहतात, ते तपासलंय का तुम्ही?

पाऊलखुण | सकाळी ९:५०
३० दिवस. आज पाहिलं. धन्यवाद.

वैशाखवणवा | सकाळी १०:०५
मूळ प्रश्न डिस्कच्या कंपनीचा आहे. अमुक कंपनीच्या डिस्का टिकतच नाहीत, माझ्या दोन गेल्या.

अर्धविराम | सकाळी १०:३०
दोन डिस्कांवरून कंपनी ठरत नाही. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांची आकडेवारी प्रसिद्ध करते. सगळ्या मॉडेलांची मिळून वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्का जातात, आणि एकाच कंपनीची दोन मॉडेलं अगदी वेगळी वागताना दिसतात. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. गेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांत स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्या पद्धतीच्या) चार मुख्य खुणांपैकी एकही दिसली नव्हती. 'गुड' दिसतंय म्हणून झोपायचं नाही ते यासाठी. उलट पहिली स्कॅन चूक (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली) आली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, चूक न आलेल्या डिस्कांच्या तुलनेत, ३९ पट होती. ताईंची डिस्क त्या रांगेत कधीच उभी राहिलीय.

कोराकागद | सकाळी ११:०२
कृपया रेड आणि कंपनी नंतर. मी काय करू ते सांगा. प्रबंधाची पंधरा दिवसांपूर्वीची आवृत्ती गाइडना पाठवलेल्या मेलमध्ये सापडली, तेवढं एक प्रकरण पुन्हा लिहीन. खरी अडचण मुलाखतींची आहे. ४१ जणांशी बोलले होते, त्यातले दोघे आता हयात नाहीत. लॅपटॉप भरला म्हणून मूळ फाइली पुसल्या, कारण 'बॅकअप डिस्कवर आहेत' असं धरून चालले होते. दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या माणसांनी विश्वासाने दिलेलं आहे ते.

सुतारपक्षी | सकाळी ११:२०
म्हणजे ती बॅकअप डिस्क नव्हती, एकुलती एक प्रत होती. आता नीट वाचा.

पहिला पर्याय प्रयोगशाळा, आणि माझं मत तेच. दोघे हयात नाहीत म्हणता, तर हा धोका स्वतः घेऊ नये. स्वतःच करणार असाल तर १ टीबीपेक्षा मोठी, चांगली, रिकामी डिस्क लागेल. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच कॉम्प्युटर सुरू होतो असा) करा, त्यात जीएनयू डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम. आधी ऑटोमाउंट (डिस्क लावताच आपोआप उघडणं) बंद करा. पहिल्या फेरीत कठीण जागा खरवडायच्या नाहीत, त्यासाठी 'एन' पर्याय. सोपं तेवढं आधी पूर्ण वाचून घ्यायचं. मॅप फाइल (काय वाचून झालं त्याची नोंद) देणं विसरू नका, तिच्यामुळे मधे थांबलं तरी तिथूनच पुढे जातं. दुसऱ्या फेरीत उलट्या दिशेने, मग फार तर तीन प्रयत्न. कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य हे तीनदा तपासा, उलट झालं तर रिकामी डिस्क तुमच्या मुलाखतींवर लिहिली जाईल. टकटक सुरू झाली तर त्या क्षणी बंद.

रातकिडा | दुपारी १२:०८
हे मला माहीत नव्हतं. मी थेट डिस्कवरच लावत आलोय. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

घरटं | दुपारी २:१५
एक विचारू? माझा जुना लॅपटॉप बंद पडलाय, त्यातली डिस्क केसमध्ये घालून फोटो ठेवायला वापरली तर चालेल का? आणि एसएसडी घेतली तर हा त्रासच नाही ना?

अर्धविराम | दुपारी २:४०
केसमध्ये घालून चालेल, दुसरी प्रत म्हणून. एकमेव प्रत म्हणून नको. एसएसडीत फिरणारं काही नसतं, पण ती कधीकधी काही न सांगता एकदम दिसेनाशी होते. ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला लगेच मोकळी करायला सांगणारी सोय) चालू असेल तर पुसलेल्या फाइली परत येणंही बहुतेक वेळा अशक्य. शिवाय खूप वापरलेली एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१ चा हिशेब धरा: प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर.

कोराकागद | गुरुवार, संध्याकाळी ६:५०
प्रयोगशाळेत विचारलं, तीन आठवडे म्हणाले. भावाला सोबत घेऊन डीडीरेस्क्यूच लावलं. सव्वा दिवस चालू होतं, शेवटी ४ एमबीच्या आसपास वाचता आलं नाही. आवाज वाढला नाही. इमेजवरून (डिस्कच्या प्रतीवरून) फोल्डर दिसले! ४१ पैकी ३८ मुलाखती पूर्ण वाजतात. दोनमध्ये मधे काही सेकंद शांतता आहे. एक उघडतच नाही, आणि ती नेमकी त्या दोघांपैकी एकांची आहे. डब्ल्यूएव्ही फाइल, आकार बरोबर दिसतोय.

अर्धविराम | संध्याकाळी ७:०५
आकार बरोबर असेल तर बहुधा सुरुवातीचं हेडर (फाइल कशी वाचायची ते सांगणारा भाग) गेलंय, आवाज आत असू शकतो. फाइलची प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. ऑडॅसिटीत इम्पोर्टमध्ये 'रॉ डेटा' निवडा. रेकॉर्डरचं सेटिंग काय होतं? इतर मुलाखतींचं पाहून तेच द्या, सॅम्पल रेट, बिट आणि मोनो की स्टिरिओ. नुसती खरखर ऐकू आली तर ऑफसेट (वाचायला कुठून सुरुवात करायची ती जागा) एक बाइटने सरकवून पाहा.

जुनाखोड | रात्री ८:१५
ऑफसेटचं मला नवीन आहे. ताई, काय झालं ते नक्की कळवा.

कोराकागद | रात्री १०:३३
४४१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. पहिल्यांदा खरखरच आली. ऑफसेट १ दिल्यावर आजींचा आवाज आला. सुरुवातीचं 'बस गं इथे' तेवढं गेलंय, त्यापुढचं सगळं आहे. भाऊ दुसऱ्या डिस्कवर प्रत करतोय, मी तिसरी माझ्या मैत्रिणीकडे ठेवायला तयार करतेय, दोन्हींचे चेकसम (प्रत हुबेहूब आहे का ते सांगणारे आकडे) जुळवूनच झोपणार. आता प्रकरण लिहायला बसते.