उळं, गोट, डेंगळे म्हणजे नक्की काय?

लासलगावला पाहुण्यांकडं गेलो होतो, तिथं "यंदा उळं नाय टाकलं, गोट लावलेत" असं बोलणं चाललेलं. कांद्याचं आहे एवढं कळलं, बाकी डोक्यावरनं गेलं. जाणकारांनी जरा इस्कटून सांगा की.

— उळं म्हणजे कांद्याचं बी, काळं, तिकोनी. ते वाफ्यात टाकायचं, उगवून आलं की रोप. गोट म्हणजे बी धरायला परत जमिनीत लावलेला कांदा. चाळीतला, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमधला, एकसारखा, जोड नसलेला कांदा निवडून दिवाळीच्या आगंमागं लावतात, थंडी खाल्ली की त्यातनं पोकळ दांडे निघतात, ते डेंगळे. टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा, बी त्याच्यात. फुलावर असताना मधमाश्या पाहिजेत, त्या वेळी कडक फवारणी मारली तर बी भरतच नाही. आता हेच डेंगळे खायच्या कांद्यात निघाले तर बोंबच, कारण दांडा कांद्याच्या मधूनच निघतो, आतनं कडक होतो, चाळीत टिकत नाही, मार्केटला भाव पडतो. त्यामुळं बीवाल्याला डेंगळे कसे आलेत विचारलं तर चहा पाजेल, खायचा उन्हाळी कांदा लावणाऱ्याला विचारू नका!

— कांद्याचंच कशाला, हरभरा घ्या. कोवळा पाला खुडून मीठ-मिरची लावून कच्चा खाल्ला तर घोळाणा, घाटे भरले की उपटून आणलेले डहाळे, ते जाळावर भाजले की हुळा, आणि मळणीनंतर भुसा जनावरांना. शिवाय आंब राहिलीच. रात्री झाडांवर पातळ फडकं पसरायचं, पहाटे दवानं भिजलेलं पिळून घ्यायचं, पोटदुखीवर म्हातारी माणसं देतात. मॅलिक आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं त्यात, म्हणून तर हरभऱ्यात उघड्या पायानं फिरलं की पाय चुरचुरतात.

— मुळ्याच्या शेंगा विसरू नका, डिंगऱ्या. नाशिकच्या बाजारात मिळतात पण नव्या पोरांना विचारा, मुळ्याला शेंगा येतात हेच माहीत नसतं. मुळा वेळेत उपटला नाही की आतनं जून होतो, मग फुलं आणि मग डिंगऱ्या, म्हणजे राहून गेलेल्या मुळ्याची भाजी, आणि माझ्या मते मुळ्यापेक्षा भारी.

— पेठ-सुरगाण्याकडचं कोणी आहे का इथं? मोहाची फुलं वाळवून ठेवतात, बियांचं तेल काढतात हे माहितीय, पण त्या बीला तुमच्याकडं मोहट्या म्हणतात का अजून काही?