होंगत्सुनचे फोटो पाहून गहिवरणाऱ्यांसाठी

उंबरठा:
परवा एका समूहावर चीनच्या आनहुई प्रांतातल्या, फेंगशुई ही चिनी वास्तुविद्या पाळून बांधलेल्या होंगत्सुन गावाचे फोटो आणि खाली मजकूर: 'फेंगशुई म्हणजे पूर्वजांचं पर्यावरणशास्त्र. अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी तोंड मिटावं.'

नाही मिटत. दक्षिण चीनमधल्या ग्वांगतोंगच्या मेइचौकडे, हाक्का या चिनी समाजाच्या एका खेड्यात चार वर्षं भाड्यानं राहिलेय. घरामागे डोंगर, त्यावर कुणी न तोडायची झाडी, दारापुढे अर्धचंद्राकृती तळं. सगळं देखणं. पण रोजच्या बोलण्यात फेंगशुई म्हणजे निसर्ग नव्हे, शेजारी. आमच्या घरमालकांनी तिसरा मजला चढवला. डावीकडचे म्हणाले, आमच्या घरावर दाब आला. लगेच त्यांच्या माडीवर वाईट परतवणारा अष्टकोनी आरसा, तोंड आमच्याकडे. आठवड्यात आमच्याही माडीवर आरसा. दोन्ही घरच्या म्हाताऱ्या एकाच वर्षी सुना होऊन गावात आलेल्या. दोन वर्षं अबोला. हे कुठलं पर्यावरण?

पागोळी:
ताई, तळं शोभेला नसतं. छपराचं पाणी तिथं उतरतं, मासे वाढतात, आग लागली तर तेच पाणी हाताशी. मागच्या झाडीमुळे डोंगर पावसात घरात येत नाही. होंगत्सुनमध्ये ओढ्याचं पाणी दारोदार खेळवून मधल्या तळ्यात आणलंय ते उगाच? आरशाचं भांडण माणसांचं, विद्येचं नाही.

उंबरठा:
मग आग म्हणा, मातीची धूप म्हणा. 'ची', म्हणजे ती अदृश्य प्राणशक्ती, कशाला मध्ये? उत्तरेचा गार वारा अडवायला पाठीशी डोंगर, हे उत्तर चीनला शोभतं. ग्वांगतोंगात उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, तरी नियम तोच! हां, झाडी टिकली ती भीतीपोटीच, एवढं मान्य. वनखात्याच्या पाटीनं टिकली नसती.

रंधा:
तुम्ही डोंगरावर भांडा, मी दारावर येतो. चिनी सुतारांची, लू बान या त्यांच्या आद्य सुताराच्या नावाची मोजपट्टी असते, साधारण ४३ सेंटीमीटर, आठ भाग, काही शुभ काही अशुभ. दाराचं माप शुभ भागात पडायला हवं. आणि त्यांच्या जुन्या पोथीत घरात गुपचूप लपवायच्या करण्याही आहेत. वाईट वागवणाऱ्या मालकानं सुताराला भ्यावं! माझे वडील सुतार. एका बंगलेवाल्यानं सागवानी दाराचे नऊ हजार बुडवले, वर 'दार वास्तूत बसत नाही' हे कारण. ही पोथी तेव्हा घरात हवी होती.

बिनव्याजी:
अवांतर, पण राहवत नाही. आमचा सुतार उचल घेऊन गणपतीला गावी गेला तो दिवाळीनंतर उगवला. करणी मालकानं करायची की सुतारानं?

रंधा:
उचल किती दिली होती, ते सांगा आधी. लाकडाचा भाव माहीत आहे का?

बिनव्याजी:
आवाज चढवू नका. मी बिल ठेवलंय.

उंबरठा:
धागा चीनवर आहे हो!

पागोळी:
चीनवरच बोलते. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत ही विद्या 'जुनाट' म्हणून चिरडली, तरी खेड्यांतून गेली नाही. का? हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातल्या खेड्यांत सरकारी कामासाठी डोंगर कापला की गावकरी म्हणतात, फेंगशुई बिघडली. शांतीविधीचा खर्च सरकार देत आलंय. साध्या अर्जाला कोण विचारतं? तुमच्या डावीकडच्यांनी तरी दुसरं काय करायचं होतं, कोर्टात जायचं?

उंबरठा:
वा, म्हणजे आरसा हा तक्रारअर्ज. बरं, घ्या. लाठ्या निघाल्या नाहीत हेही खरंच. पण 'पर्यावरणशास्त्र' तर मग तुम्हीच खोडलंत.

पागोळी:
खोडलं नाही. दोन्ही आहे म्हटलं. शेवटी काय झालं त्या आरशांचं?

उंबरठा:
डावीकडच्यांनीही तिसरा मजला चढवला. आरसे उतरले, म्हाताऱ्या बोलायला लागल्या. मधल्या बोळात आता भाजी वाळत नाही, ऊनच येत नाही. दोघी मिळून आमच्या गच्चीवर वाळवतात.

रंधा:
आणि त्या तिसऱ्या मजल्याची दारं कुणी केली? पैसे मिळाले का त्याला?