मागच्या अंगणात लव्हाळा: आधी उतार काढू, माती टाकू की गवत मारू?

मुलुंडकर
मुलुंडला बैठं घर आहे. मागे ३० बाय २० फुटांचं अंगण, ३० फुटांची बाजू घराला लागून. लव्हाळा आणि हरळी सगळीकडे, भिंतीकडेला गाजर गवत, पावसात टाकळा माजतो. पाणी घराकडे येतं. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजलं, तर घरापाशी जमीन गटाराच्या बाजूपेक्षा ३ इंच खाली आहे. जोतं सध्याच्या जमिनीच्या ११ इंच वर. मागच्या गटाराची कड तिथल्या जमिनीच्या ४ इंच खाली. कंत्राटदार म्हणतो, रोटाव्हेटर (माती घुसळणारं यंत्र) फिरवू, वर दोन ब्रास म्हणजे दोनशे घनफूट लाल माती टाकू आणि जूनच्या पहिल्या पावसात कार्पेट लॉन (मातीसकट मिळणारे तयार गवताचे तुकडे) अंथरू. आता मार्च लागलाय. चालेल का?

खुरपंवाला
रोटाव्हेटर अजिबात नको. लव्हाळ्याचं देठ बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतील. खाली तारेसारख्या बारीक मुळांवर काळपट गाठींची माळ असते. हाताने उपटलं की तार तुटते, गाठ आतच राहते आणि पुन्हा फुटते. रोटाव्हेटर ती माळ तोडून एकेक गाठ अंगणभर पसरवतो. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत असतात, काही फूटभर खोल. वरून माती टाकून त्या मरत नाहीत, नवं लॉन फोडून वर येतात.

म्हणून आत्ता उलटं करा: पाणी देऊन गवत वाढू द्या. पानं चार-सहा इंच, हिरवी, जोमात असली तरच ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून गाठीपर्यंत उतरतं; वाळक्या गवतावर मारणं फुकट. ते पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असं बंधन केंद्राने २०२२ साली घातलं होतं, तेव्हा स्वतः पंप घेऊ नका. त्यांना पाणी स्वच्छ द्या, गढूळ पाण्यात औषध मातीला चिकटून निकामी होतं. मारल्यावर दोन-तीन आठवडे खणू नका. मग पुन्हा पाणी द्या. ज्या गाठी झोपल्या होत्या त्या आता फुटतील, त्यांच्यावर दुसरा हात. एका फवारणीत लव्हाळा संपत नाही.

औषध नको असेल तर वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, कुदळीने फूटभर खणा, माती बारीक चाळणीतून काढा, चाळणीवर राहिलेल्या गाठी वेचा. ६०० चौरस फुटांना मजूर बरेच लागतील, पण काम पक्कं होतं. गाठी खतात टाकायच्या नाहीत. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट काढा. अंगावर खाज उठते.

लाइनदोरी
उताराचं बघू. ६० ला १ धरला तर २० फुटांत ४ इंच, लॉनला तेवढा पुरतो. नुसती भर घालून तो आणायचा तर घरापाशी ७ इंच माती चढेल. वर कार्पेटचा एक इंच धरला की जोतं उरेल ३ इंच, आणि भिंतीला ओल येईल. जोत्याखाली सहा इंच तरी मोकळे हवेतच. त्यामुळे घरापाशी ४ इंच चढवा, गटाराकडे ३ इंच छाटा. छाटल्यावर तिथली माती गटाराच्या कडेच्या एक इंच वर राहते, पाणी सरळ उतरतं.

हिशेबाने भर साधारण ५७ घनफूट, छाटलेली माती ३२. दबण्याचं धरून बाहेरून अर्धा ब्रास पुरे. छाटलेलीच माती घराकडे जाणार, म्हणून तण आधी मारणं आलंच.

दर पाच फुटांवर खुंट्या ठोका, लेव्हल ट्यूबमध्ये बुडबुडा राहू देऊ नका, मग दोरी ताणा. भर दोन-दोन इंचांच्या थरांत, किंचित ओली करून दाबा. चिखलावर रोलर फिरवला तर माती विटेसारखी बसते, मूळ आत जात नाही. चेंबरची झाकणं मातीखाली घालू नका. मोठं झाड असेल तर त्याच्या बुंध्याशी माती चढवू नका. छाटलेल्या बाजूला मुरूम उघडा पडला तर तिथे आणखी सहा इंच खणून कुजलेलं, चाळलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी दोन्ही सोबत येतं.

मुलुंडकर
मग जूनमध्ये लॉन होणारच नाही का?

खुरपंवाला
मे महिन्यात उतार काढून झाल्यावर दोनदा भरपूर पाणी द्या. पंधरा दिवसांत लव्हाळा तुरळक आला तर जूनच्या सुरुवातीला अंथरा. दाट आला तर थांबाच. जुलैच्या धारेत उघडी माती वाहून जाईल, म्हणून जूनमध्ये फूटभर अंतराच्या ओळींत ताग पेरा, अर्धा किलो बी पुरे. ओळींत खुरपणी चालू ठेवा. फुलं येण्याआधी, दीड महिन्याने, कापून मातीत मिसळा. पाऊस ओसरला की दोरी पुन्हा लावा, बसलेली जागा भरा आणि ऑक्टोबरमध्ये लॉन.

लाइनदोरी
माझंही मत ऑक्टोबरचंच. भर कितीही दाबली तरी एक पावसाळा गेल्याशिवाय पुरती बसत नाही. जूनमध्ये अंथरलेल्या कार्पेटखाली खळगे पडतात आणि तिथे पाणी साचून गवत पिवळं पडतं. कार्पेट घेताना चार-पाच तुकडे उलटे करून मातीत काळ्या गाठी आहेत का बघा. दिसल्या तर गाडी परत पाठवा. ऊन सहा तासांपेक्षा कमी असेल तर बारीक पानाचं, हरळीच्या जातीचं लॉन विरळ होत जातं. तिथे रुंद पानाचं, सावलीत तगणारं गवत मागा. दिवसभरात ऊन किती तास येतं ते लिहा, मग नक्की सांगतो.