मदत हवी आहे: मेसेंजर तीन, चौकट एक. बंद कोणता करू?

खिळेजुळारी

नमस्कार. डिचोलीला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जत्रा-कालोत्सवाची हस्तपत्रके अशी कामे. आता चवथ तोंडावर आली म्हणून आरत्यांच्या पुस्तिका चालू आहेत.

संगणक दोन, दोन्ही म्हातारे. एकावर विंडोज एक्सपी आहे. त्यात मराठी टाइपसेटिंगचे जुने सॉफ्टवेअर चालते आणि त्याची डोंगल (जी लावल्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली) मागच्या लांबट प्रिंटर पोर्टला लागते. नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. तेव्हा "एक्सपी फेकून द्या" हा सल्ला कृपा करून नको, तो घरातूनही रोज मिळतो. दुसऱ्यावर विंडोज २००० आहे, त्याला लेसर प्रिंटर जोडलेला. दोन्ही एकमेकांना नेटवर्कने जोडले आहेत.

गेल्या महिन्यात एक्सपीची हार्डडिस्क गेली. कपाटातल्या मूळ सीडीवरून विंडोज पुन्हा टाकली आणि तेव्हापासून हा ताप सुरू झाला. टाइप करताना मध्येच एक करडी चौकट येते. वर 'मेसेंजर सर्व्हिस', खाली 'ओके'. माझी नजर हस्तलिखितावर असते, पडद्यावर नाही. बोटे चालूच राहतात, एंटर दाबला की चौकट जाते आणि मधली अक्षरेही जातात. परवा एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या वडिलांचे आडनाव असेच गळाले. प्रूफात सापडले म्हणून अब्रू वाचली.

आतापर्यंत केलेले उपाय: पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाजवळ मेसेंजरची बाहुली (आयकॉन) दिसते, तिच्यावर राइट क्लिक करून 'एक्झिट' केले, दुसऱ्या दिवशी बाहुली हजर. भाच्याने ॲड-रिमूव्हमध्ये (प्रोग्रॅम काढायच्या यादीत) जाऊन 'एमएसएन मेसेंजर' काढून टाकला (त्याच्याच सीडीतून तो आला होता). चौकट तरीही येतेच. आता तो म्हणतो, फायरवॉल घालून सगळे पोर्ट बंद करूया. करू द्यावे का?

मांडवीकाठ

भाच्याला आधी थांबवा. हे पोर्ट म्हणजे प्रिंटरचे भोक नव्हे, नेटवर्कवरून ये-जा करायची क्रमांकित दारे. त्या दोन संगणकांमधले १३९ आणि ४४५ हे पोर्ट बंद केलेत तर फाइल शेअरिंगबरोबर छपाईही अडेल.

गोंधळ तुमचा नाही, नावांचा आहे. 'मेसेंजर' नावाच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक काढल्याने दुसरी जात नाही.

एमएसएन मेसेंजर हा गप्पा मारायचा प्रोग्रॅम, १९९९ साली आला. तो वेगळा टाकावा लागे, म्हणून ॲड-रिमूव्हमधून निघाला. पुढे त्याचे नाव विंडोज लाइव्ह मेसेंजर झाले आणि २०१३ मध्ये चीन सोडून सगळीकडे ती सेवा बंद पडली. म्हणजे भाच्याने काढला तो मेलेलाच होता.

विंडोज मेसेंजर हाही गप्पांचाच, पण २००१ मध्ये एक्सपीच्या पोटातच आला. तुमची रोज परतणारी बाहुली ती हीच. ॲड-रिमूव्हच्या यादीत शोधत बसू नका. तो उघडून टूल्स, ऑप्शन्स, प्रेफरन्सेसमध्ये जा आणि विंडोजबरोबर सुरू होण्याची व मागे चालत राहण्याची, अशा दोन्ही खुणा काढा. एक्सपी प्रोफेशनल असेल तर ग्रुप पॉलिसीतून त्याला कायमची बंदीही घालता येते. होम आवृत्तीत ती सोय नाही.

मेसेंजर सर्व्हिस मात्र गप्पांची नव्हेच. विंडोज एनटी ह्या जुन्या आवृत्तीच्या काळापासून चालत आलेली ही पडद्यामागची सेवा, 'नेट सेंड' आज्ञेने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप टाकणारी. तिला खिडकी नाही, बाहुली नाही. निरोप आला की चौकट, एवढेच. (वरच्या दोन गप्पांच्या प्रोग्रॅममागे जे नेटवर्क होते, त्याचे नाव काही काळ 'डॉट नेट मेसेंजर सर्व्हिस' होते! बारसे करणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.)

चौकट ह्या तिसरीची आहे. बंद करण्याआधी दोन गोष्टी सांगा. चौकटीच्या आत नेमके काय लिहिलेले असते? आणि यूपीएसची वायर संगणकाला जोडली आहे का? काही यूपीएसची सॉफ्टवेअरे बॅटरी संपत आल्याचा इशारा ह्याच सेवेतून पाठवतात. पावसाळ्यात आपल्याकडची वीज कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू.

खिळेजुळारी

आतला मजकूर मी आजवर वाचलाच नव्हता, ओके दाबण्याचीच घाई. आज मुद्दाम वाचला. आधी विंडोज २००० वाल्या संगणकाचे नाव, मग आमचे, तारीख-वेळ, आणि खाली अमुक कागदपत्र अमुक प्रिंटरवर छापून झाले अशा अर्थाचे इंग्रजी. म्हणजे मी प्रूफ सोडतो, पुढचे काम टाइपायला घेतो, तिकडे कागद निघतो आणि इकडे चौकट! यूपीएसला संगणकाकडे जाणारी वायर नाही, तो नुसताच ओरडतो.

उंडो

मग तुमचा प्रिंटरच तुम्हाला इमानाने वर्दी देतोय, बाब. पणजीत एका कचेरीचे संगणक सांभाळायचो तेव्हा हेच पाहिले होते.

मूळ उपाय २००० वाल्या संगणकावर आहे. प्रिंटर्सचे फोल्डर उघडा. त्यातल्या प्रिंटरवर क्लिक नको, वरच्या फाइल मेनूत 'सर्व्हर प्रॉपर्टीज' आहे, तिथे 'ॲडव्हान्स्ड'. दुसऱ्या संगणकावरून आलेले कागदपत्र छापून झाले की कळवा, अशी खूण असेल. ती काढा आणि संगणक एकदा बंद करून चालू करा.

"पूर्वी येत नव्हती, आताच का?" याचे उत्तर तुमच्या कपाटातल्या सीडीत आहे. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ (मायक्रोसॉफ्टने काढलेला सुधारणांचा संच) पासून एक्सपीत ही सेवा मुळातच बंद असते. गेलेल्या हार्डडिस्कवर तो पॅक असणार, जुन्या सीडीत नाही.

ती बंद का केली, तेही ऐका. २००२-०३ च्या सुमारास कोणीही उपटसुंभ इंटरनेटवरून ह्या सेवेला निरोप पाठवी आणि डायल-अप जोडले रे जोडले की पडद्यावर जाहिराती. "अशा चौकटी थांबवायच्या आहेत? आमचे सॉफ्टवेअर घ्या" हेही चौकटीतूनच! अशाच एका कंपनीला २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कोर्टात खेचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्या सेवेतली एक गंभीर सुरक्षा-त्रुटीही जाहीर झाली. म्हणून प्रिंटरची वर्दी थांबली तरी एक्सपीवरची सेवा बंदच करा. कंट्रोल पॅनेल, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, सर्व्हिसेस, यादीत 'मेसेंजर'. नुसते 'स्टॉप' केलेत तर संगणक पुन्हा चालू झाल्यावर ती परत येईल, 'स्टार्टअप टाइप' डिसेबल्ड करायला हवा. आजूबाजूच्या 'रिमोट प्रोसीजर कॉल' वगैरेंना हात लावू नका, विंडोजचे अर्धे घर त्या खांबावर उभे आहे. आणि त्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका.

खिळेजुळारी

दोन्ही केले. प्रिंटरची खूण काढल्यावर दुपारभर प्रुफे सोडली, एकही चौकट नाही. मग एक्सपीवरची सेवा डिसेबल करून २००० वरून नेट सेंडने मुद्दाम निरोप धाडला. ते नावच नेटवर्कवर सापडत नाही, असे इंग्रजीत उत्तर आले.

पण बाहुली! प्रेफरन्सेसमधल्या दोन्ही खुणा काढल्या, तरी आउटलुक एक्सप्रेस उघडले की ती परत येते. जुन्या गिऱ्हाइकांचे मजकूर त्यात साठवलेले आहेत, उघडावे लागतेच.

मांडवीकाठ

आउटलुक एक्सप्रेसच तिला हाक मारते. त्यातच टूल्स, ऑप्शन्स, जनरल. विंडोज मेसेंजरमध्ये आपोआप लॉग-ऑन करण्याची खूण आहे, ती काढा.

खिळेजुळारी

गेली. दोघांनाही देव बरें करूं. भाच्याला पोर्टांवरून उठवून पुस्तिकांना टाचण्या मारायला बसवले आहे.