दोन मुसलमान गट लढले तर: आयत एक सांगते आणि हदीस दुसरे?

प्रश्न (आडवाटेचा वाचक):

नमस्कार. इस्लामच्या आरंभीच्या इतिहासाचे वाचन करताना मी एका ठिकाणी अडलो आहे. कुराणातील ४९व्या सूरहची, म्हणजे अल-हुजुरातची, ९वी आयत सांगते की श्रद्धावंतांचे दोन गट आपसांत लढले तर त्यांच्यात समेट घडवावा, आणि त्यांतील एकाने दुसऱ्यावर अतिक्रमण केलेच, तर तो अल्लाहच्या आज्ञेकडे परतेपर्यंत त्याच्याशी लढावे. दुसरीकडे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचे परंपरेने आलेले वचन, म्हणते की दोन मुसलमान तलवारी घेऊन एकमेकांसमोर उभे ठाकले, तर मारणारा आणि मरणारा दोघेही नरकात जातात. मग ६५६मधील जमलच्या (अली विरुद्ध आयेशा) आणि ६५७मधील सिफ्फीनच्या (अली विरुद्ध मुआविया) लढाईत, जिथे दोन्ही बाजूंना पैगंबरांचे सहाबी, म्हणजे सोबती, होते, सामान्य माणसाने कोणते वचन प्रमाण मानायचे होते? या दोन वचनांत खरोखर विसंगती आहे की माझे वाचन अपुरे आहे? आजचे राजकारण चर्चेत आणू नये, ही विनंती.

उत्तर (खाडीकाठचा):

हदीस कोणत्या प्रसंगी सांगितली गेली, ते आधी पाहू. चौथे खलिफा हजरत अली यांच्या मदतीसाठी निघालेल्या अहनफ इब्न कैस यांना अबू बकरा नावाचे सहाबी वाटेत भेटले (पहिले खलिफा अबू बक्र वेगळे, नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते), आणि त्यांना परत फिरवण्यासाठी त्यांनी पैगंबरांचे हे वचन ऐकवले. ते ऐकून पैगंबरांना त्या वेळीच विचारले गेले होते की मारणाऱ्याचे समजले, पण मेलेल्याचा काय दोष? उत्तर मिळाले की तोही आपल्या सोबत्याला ठार मारायला उत्सुक होता. म्हणजे येथे तोल हेतूवर आहे. हदीसचे भाष्यकार इमाम नववी यांनी याच आधारावर म्हटले आहे की ही हदीस कुळाच्या अभिमानाने किंवा तशाच कारणाने, कोणताही धार्मिक आधार नसताना लढणाऱ्यांना लागू होते.

आता आयतीकडे वळू. सहाबी हजरत अनस यांच्या कथनानुसार तिचा प्रसंग अगदी घरगुती म्हणावा असा आहे. पैगंबर गाढवावर बसून खजरज टोळीचा सरदार अब्दुल्ला इब्न उबय याच्याकडे गेले, त्याने गाढवाच्या वासाची तक्रार केली, एका अन्सारीने (मदिनेतील मुसलमानाने) त्याला तिखट उत्तर दिले, आणि पाहता पाहता दोन्हीकडची माणसे खजुरीच्या फांद्यांनी, हातांनी आणि चपलांनी एकमेकांना मारू लागली. मदिनेतील औस आणि खजरज या टोळ्यांचे जुने वैर लक्षात घेतले, की एवढ्याशा ठिणगीची धास्ती का वाटली असेल ते कळते. हिजरतीच्या, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला आले त्याच्या, काही वर्षे आधीच बुआसच्या लढाईत त्यांनी एकमेकांची माणसे मारली होती.

आयतीतील क्रमही पाहण्यासारखा आहे. पहिली आज्ञा समेटाची आहे, लढण्याची आज्ञा अटीसह मधे येते, तिची मर्यादा ‘परतेपर्यंत’ अशी बांधलेली आहे, आणि त्यानंतर पुन्हा समेटच सांगितला आहे, या वेळी न्यायाने करण्याच्या स्पष्ट शब्दांसह. पुढच्या, १०व्या आयतीत श्रद्धावंत एकमेकांचे भाऊच आहेत असे सांगून समेटाची आज्ञा तिसऱ्यांदा दिली आहे. शिवाय लढणाऱ्या दोन्ही गटांना आयत ‘श्रद्धावंत’च म्हणते, त्यांना धर्माबाहेर काढत नाही. आपल्या मराठीत भाऊ आणि बंधू एकत्र येऊन ‘भाऊबंदकी’ झाली आणि तिचा अर्थ वैर असा ठरला, ही आपल्या अनुभवाची कमाई म्हणावी लागेल. कुराणाने मात्र तेच नाते समेटाचे कारण म्हणून पुढे केले आहे.

उत्तर (जुना वकील):

वरील विवेचनाला कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. सहाबींसमोरची अडचण वचनांच्या विसंगतीची नव्हती. अतिक्रमण करणारा गट नेमका कोणता, हे ठरवण्यावर त्यांचे मतभेद होते. साद इब्न अबी वक्कास, अब्दुल्ला इब्न उमर, उसामा इब्न जैद आणि मुहम्मद इब्न मस्लमा या लढायांपासून दूर राहिले. उसामांच्या मागे एक जुना प्रसंग होता. लढाईत एका माणसाने कलमा (इस्लाम स्वीकारल्याची कबुली) उच्चारल्यानंतरही त्यांनी त्याला ठार केले होते, आणि तो भीतीने बोलला असे त्यांनी सांगितल्यावर, तू त्याचे काळीज चिरून पाहिलेस का, असे पैगंबरांनी त्यांना खडसावले होते.

जे लढले त्यांच्या वर्तनातून मात्र एक आख्खे प्रकरण फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, तयार झाले. जमलच्या लढाईनंतर हजरत अली यांनी पळणाऱ्याचा पाठलाग करू नये, जखमीला मारू नये आणि कोणाची मालमत्ता लूट म्हणून घेऊ नये असे आदेश दिले, आणि विरुद्ध बाजूला असलेल्या, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांना सन्मानाने मदिनेला परत पाठवले. बंडखोरांविषयीचे नियम पुढे याच उदाहरणावर रचले गेले. स्वतःच्या समजुतीप्रमाणे काही आधार असलेला आणि बळ असलेला गट साध्या दरोडेखोरांपेक्षा वेगळा मानला जातो. त्याच्याशी लढण्यापूर्वी त्याची तक्रार विचारावी लागते, आणि त्याच्या कैद्यांना गुलाम करता येत नाही. हनफी पंथाचे फकीह (कायदेपंडित) काही बाबतींत अधिक कठोर आहेत. मागे जाऊन मिळण्यासारखा गट शिल्लक असेल तर पळणाऱ्याचा पाठलाग ते मान्य करतात. माझे मत विचाराल तर या नियमांचा दुरुपयोगही पुष्कळ झाला, कारण सत्तेवर असलेल्याला प्रत्येक विरोधक ‘बंडखोर’ म्हणायला सोपा जातो. आयतीत मात्र राज्यकर्त्याचा उल्लेखच नाही. तिथे फक्त दोन गट आहेत, आणि त्यांच्यात पडण्याचे कर्तव्य ज्यांना सांगितले आहे ती इतर माणसे आहेत.

आडवाटेचा वाचक:

दोघांचेही आभार. ‘लढणारेही श्रद्धावंतच’ हा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. तरीही एक शंका उरते. सिफ्फीननंतर लवाद नेमला गेला, म्हणजे या आज्ञेचे पालन करण्याचा प्रयत्न झाला. पण त्यातून समेट न होता खारिजी हा तिसरा गट फुटला आणि ६५८मध्ये नहरवानची लढाई झाली. मग प्रत्यक्षात समेट घडल्याचे एखादे ठळक उदाहरण त्या काळात आहे का?

उत्तर (दुपारचा प्रवासी):

आहे, आणि त्याचे कथनही त्याच अबू बकरांकडून आलेले आहे. पैगंबर मिंबरवर (मशिदीतील व्यासपीठावर) असताना त्यांचे लहानगे नातू हसन त्यांच्याजवळ होते. हा माझा मुलगा सरदार आहे आणि याच्या हातून अल्लाह कदाचित मुसलमानांच्या दोन मोठ्या गटांत समेट घडवील, असे पैगंबर म्हणाले. ६६१मध्ये, म्हणजे हिजरी ४१मध्ये, अलींचे पुत्र हसन आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांची सैन्ये समोरासमोर आली, तेव्हा ही माणसे एकमेकांना मारून संपली तर लोकांचा कारभार, त्यांच्या बायका आणि मुलेबाळे कोण सांभाळणार, असा प्रश्न खुद्द मुआवियांनीच विचारल्याचे बुखारीत आले आहे. त्यांनी पैगंबरांच्या कुरैश टोळीतील दोन माणसे तहाची बोलणी करायला पाठवली, हसन यांनी खिलाफत सोडली, आणि सुन्नी परंपरेत ते वर्ष ‘जमाअतीचे (एकजुटीचे) वर्ष’ म्हणून ओळखले गेले. शिया परंपरा याच घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहते. तिच्या मते इमाम हसन यांनी अनुयायांचे प्राण वाचवण्यासाठी नाइलाजाने तह केला, आणि त्याच्या अटी दुसऱ्या बाजूने पाळल्या नाहीत. दोन्ही परंपरा वाचून पाहाव्यात. लढू शकणाऱ्या माणसाने रक्तपात टाळण्यासाठी आपला हक्क बाजूला ठेवला, एवढे दोघींनाही मान्य आहे.

लवादाविषयी एक पुस्ती जोडतो. खारिजींनी ‘निर्णय केवळ अल्लाहचा’ ही घोषणा देऊन लवादच नाकारला, तेव्हा त्यांच्याशी बोलायला गेलेल्या, पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी कुराणातीलच दाखला दिला होता. नवरा-बायकोच्या भांडणात दोन्हीकडचा एकेक पंच नेमावा असे ४थ्या सूरहच्या ३५व्या आयतीत सांगितले आहे, मग हजारोंच्या रक्ताच्या प्रश्नात पंच नेमणे गैर कसे? त्यांचे बोलणे ऐकून अनेकजण परतले. म्हणजे तो प्रयत्नही अगदीच वाया गेला नाही.

उत्तर (खाडीकाठचा):

युद्धांवर पुष्कळ बोलून झाले, म्हणून थोडे गावाकडचे. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, आणि दोघे भेटल्यावर जो आधी सलाम करतो तो त्यांत चांगला, अशी हदीस आमच्या जमातीत लहानपणापासून ऐकवली जाते. आणखी एका हदीसेप्रमाणे, लोकांत समेट घडवण्यासाठी इकडचे तिकडे चांगले सांगणारा माणूस खोटारडा ठरत नाही.

माझ्या दोन चुलतभावांचा बांधावरच्या आंब्यावरून अकरा महिने अबोला होता. जमातीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी थोरल्याला सांगितले की धाकटा तुझ्या तब्येतीची चौकशी करत होता, आणि धाकट्याला सांगितले की थोरला तुझ्या मुलाच्या निकालाबद्दल फार आनंदाने बोलला. यातले काहीच खरे नव्हते, हे नंतर चाचांनीच हसत कबूल केले. त्या शुक्रवारी थोरल्याने मशिदीच्या पायरीवर आधी सलाम केला. आंब्याचा निकाल अजून लागलेला नाही. परवा मोजणीची तारीख होती, तिला दोघे एकाच रिक्षाने गेले.