मदत हवी आहे : अग्निशमन आणि वैद्यकीय सेवा एकत्र करणाऱ्यांनी शरीराची तयारी कशी करावी?

अग्निशामक आणि आपत्कालीन वैद्यकीय सहायक अशा दुहेरी कामासाठी मी तयारी करत आहे. अग्निरोधक पोशाख, शिरस्त्राण आणि श्वसनयंत्राचा सिलिंडर मिळून २० किलोंहून अधिक भार अंगावर असतो. तो घेऊन जिने चढताना हृदयाचे ठोके कमालीचे वाढतात आणि जाड पोशाखामुळे घाम सुकत नसल्याने शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. एवढ्यावर भागले असते तर केवळ ताकद आणि दम वाढवणे पुरेसे होते. परंतु लगेच रुग्णाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावे लागतात किंवा थरथरत्या हातांनी शिरेत सुई घालावी लागते, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे.

थकलेल्या अवस्थेतही हात स्थिर राहावेत यासाठी आपण सराव कसा करता? अरुंद जिन्यावरून रुग्णाला उतरवताना कंबर जपण्यासाठी कोणते व्यायाम उपयोगी पडले? रात्रपाळीनंतर व्यायाम करावा की आधी झोप घ्यावी, हेही कृपया सांगावे. प्रत्यक्ष सेवेत असलेल्यांचे मार्गदर्शन मला विशेष मोलाचे वाटेल.