मदत हवी आहे: नागपुरी तर्री-पोह्यांच्या रश्श्यावर तवंग येत नाही

नागपुरात टपरीवर पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांची जी झणझणीत तर्री घालून देतात, तशीच तर्री माझे वडील दर रविवारी घरी करत असत. त्यांच्यामागे आईला ती पुन्हा खाऊ घालावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु त्यांनी कृती लिहून ठेवलेली नाही.

रात्रभर भिजवलेले एक वाटी हरभरे मी कुकरमध्ये शिजवते, कांदा, आले, लसूण आणि भाजलेले सुके खोबरे यांचे वाटण पाव वाटी तेलात परतते, त्यात तिखट व गरम मसाला घालते आणि हरभऱ्यांच्या पाण्यासह चार वाट्या पाणी ओतून उकळी आणते. चव बरीचशी जुळते. मात्र तेल रश्श्यातच मिसळून जाते आणि लाल तवंगाऐवजी तपकिरी, दाटसर आमटी तयार होते. तेल दीडपट केले, थंडऐवजी कडकडीत पाणी घातले, शेवटी वरून तिखटाची फोडणीही दिली. रंग सुंदर आला, पण करपल्याचा कडवटपणा उतरला.

वडील रस्सा मंद आचेवर बराच वेळ ठेवत, एवढे मला नक्की आठवते. आईला फार तिखट सोसत नाही, म्हणून रंगासाठी ब्याडगी मिरची सुचवली तरी चालेल, आणि खोबरे वगळण्यासही माझी हरकत नाही.

तवंग वर यावा यासाठी वाटण किती वेळ परतावे, तिखट नेमके केव्हा घालावे आणि उकळीनंतर रस्सा झाकून ठेवावा की उघडा?